पाडव्याची काटेरी डहाळी

१२ एप्रिल २०२१
घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याची कोविडची बंदी उठली एकदाची. पण जायचंय कुठे? आयर्लंडच्या या खेड्यात मोजकी घरं, मेंढ्या आणि धुकं. अभिजित स्लायगोच्या हॉस्पिटलात डॉक्टर, जमेल तसा घरी येतो. उरलो मी आणि सासूबाई — सुट्टीला म्हणून आल्या, वर्षभर अडकून पडल्यात.

उद्या पाडवा आणि कडुनिंबाचा पत्ता नाही. सासूबाई म्हणाल्या, "न्हाय तर न्हाय. हिरवी डहाळी हाय न्हवं कुठली? ती बांध."

१३ एप्रिल
समोरच्या शेतात मधोमध एकच काटेरी झाड आहे. ट्रॅक्टरसुद्धा त्याला वळसा घालून जातो. कोवळी पालवी बघून डहाळी कापली. कापताना लक्षात आलं, या झाडावर पक्षी बसलेला मी कधी पाहिलेला नाही.

गुढी मात्र झकास — सासूबाईंचा हिरवा खण, वर तांब्या, आणि साखरेची गाठी नाही म्हणून लाल दोऱ्यात ओवलेले मार्शमेलो! दोरा डहाळीलाच बांधला.

शेजारची नोरा अंडी द्यायला फाटकाशी आली. एकटी राहते, त्यामुळे एरवी तिच्या गप्पा संपत नाहीत. आज डहाळी बघून पांढरीफटक.

"त्या झाडाची?"

मी मान डोलावली.

"बाहेर आहे तोवर ग्रँड, काही बिघडत नाही. घरात नेऊ नकोस, लव्ह. ज्या घरात जाते, तिथलं एक माणूस नेते."

आता गुढी संध्याकाळी उतरवून घरातच घेतात, त्याला मी काय करू? डहाळी देवघरात ठेवली. म्हातारीचं आपलं काहीतरीच.

१५ एप्रिल
सासूबाईंना ताप.

१७ एप्रिल
कोविडची टेस्ट निगेटिव्ह. मग आहे काय हे? ऑक्सिजन घसरतोय. अभिजित फोनवर नुसता डॉक्टरसारखा बोलला, मुलासारखा नाही. त्यानेच मी जास्त घाबरले. ऑक्सिजन आणखी खाली गेला तर ॲम्ब्युलन्स बोलवायची.

दुपारी सासूबाई खिडकीकडे बघून म्हणाल्या, "झाडापाशी कोण उभं हाय गं?"

कोणी नव्हतं. मी पडदा ओढला.

मग गुपचूप डहाळी उचलली आणि फाटकाबाहेर भिंतीवर ठेवून आले. लोकांच्या अंधश्रद्धांना हसणारी मी! नोरा तिच्या दारातून बघत होती. "सासू कशी आहे?" तिने विचारलं आणि मला रडूच फुटलं.

"जा आत," म्हणाली. "तिच्याजवळ बस. बाकीचं मी बघते."

१८ एप्रिल
डहाळी भिंतीवर नाही. वाऱ्याने गेली असणार.

१९ एप्रिल
ताप उतरला! ऑक्सिजनही वर आलाय. सासूबाईंनी चहा मागितला आणि आलं कमी पडलं म्हणून मला झापलं. त्यांचं बोलणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं. अभिजित फोनवर रडला.

नोराला सांगायला हवं. आज ती अंडी घेऊन आली नाही.

२० एप्रिल
नोराच्या धुराड्यातून धूर नाही. दार वाजवलं, हाका मारल्या, मग किचनच्या खिडकीतून पाहिलं. ती खुर्चीत बसलेली, मान कलती, हात मांडीवर. समोर टेबलावर दुधाच्या जगमध्ये डहाळी — पांढरीशुभ्र फुललेली. लाल दोऱ्यातले मार्शमेलो अजून तसेच.