एक फोटो आणि अकरा टाक्या

३ मार्च, सोमवार

अंक छापायला गेला. सुटले एकदाची.

या महिन्यात सात बदल्या, दोन निवृत्त्या, एक लग्न, लेखा शाखेतल्या शिपायाला मुलगी. पान तीनवर नेहमीप्रमाणे विधिमंडळाची खबरबात. उपसंचालकांनी मसुद्यात चौदा स्वल्पविराम घालून तो परत पाठवला. सहा वर्षांत त्यांनी खात्याच्या पत्रकात दुसरी कसलीही भर घातलेली नाही, म्हणून सगळं ऑफिस त्यांना स्वल्पविरामच म्हणतं. मी नऊ काढले, पाच ठेवले. त्यांचं मन राहावं म्हणून ठेवले, की वाद नको म्हणून? दुसरं असणार.

ऐनवेळी मावळत्या संचालकांचा फोन. निरोपसमारंभाचा फोटो त्यांना लहान वाटला. "मी पूर्ण दिसतोय, पण सन्मानचिन्ह अर्धंच दिसतंय." म्हणजे काय महत्त्वाचं ते त्यांनाही माहीत आहे. फोटो दोन बोटं रुंद केला. त्यानं पान तीनवरची खालची चौकट खाल्ली – 'विचाराधीन विधेयकं'. वरची चौकट – 'अमलात आलेले कायदे' – जवळजवळ रिकामीच होती. गेल्या महिन्यात एकच कायदा झाला, तोही सदस्यांच्या प्रवासभत्त्याचा. खालची एक बातमी उचलून वर ठेवली. पान बसलं. साडेपाचला घरी.

५ मार्च, बुधवार

तीनशे चाळीस प्रती जिल्ह्यांना रवाना. वाचत कुणी नाही. हे मी रुसून म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा आहे. गेल्या वर्षी कंटाळून मी 'कार्यालयीन वृत्ता'त लिहिलं होतं की आपल्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त झाली. रोज चार मजले चढून येणाऱ्या दोनशे माणसांपैकी एकानंही हरकत घेतली नाही. खोटं छापल्याचं मला आठ महिने टोचत होतं. मग लिफ्ट खरंच दुरुस्त झाली. तेव्हा आणखी टोचायला लागलं, का ते कळलं नाही.

११ मार्च, मंगळवार

मला एक वाचक आहे!

सकाळी फोन. सीमेलगतच्या जिल्ह्यातले आरोग्य निरीक्षक. आवाज सावकाश, एकेक शब्द तोलून टाकणारा. "मॅडम, मार्चचा अंक मिळाला. पान तीन वाचलं. आणखी दोन प्रती मिळतील का? सही-शिक्क्यानिशी."

सही-शिक्का कशाला, विचारलं. म्हणाले, "फाइलला लावायला. आमच्याकडे कोरा कागद कुणी मानत नाही."

मग म्हणाले, "यात जे छापलंय ते अधिकृत समजायचं ना?"

मी म्हटलं, "मुखपृष्ठावरच लिहिलंय, अधिकृत मासिक पत्रक."

"तेच बघितलं," म्हणाले. "फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

दोन्ही प्रतींवर पान तीनला सही करून शिक्के मारले. एक वाकडा बसला म्हणून तिसरी प्रत घेतली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पत्ता घेतलास का? अशा माणसाला सरकारनं संरक्षण द्यायला पाहिजे."

१७ मार्च, सोमवार

अकरा वाजता स्वल्पविराम माझ्या टेबलाशी आले. ते कधी येत नाहीत, बोलावून घेतात. त्यांच्या हातात तक्रार होती. माझ्या वाचकानं तीन दिवसांत अकरा शाळांत न कळवता जाऊन पिण्याच्या पाण्याच्या टाक्या सील केल्या. तसा अधिकार त्यांना नाही. आजच्या नियमानं पंधरा दिवस आधी लेखी कळवून जायचं असतं, म्हणजे शाळेला टाकी धुवायला चौदा दिवस मिळतात. न कळवता जाता यावं आणि टाकी सील करता यावी, असं एक विधेयक आहे. तीन वर्षं समितीत पडून आहे.

तक्रार करणारे संस्थाचालक त्याच समितीचे सदस्य. कायदा झालेला नाही याची त्यांच्याइतकी खात्री कुणालाच नसणार. तेच तर तो अडवून बसलेत.

"त्या माणसाला हे सुचलं कुठून?" स्वल्पविरामांनी विचारलं आणि तक्रारीला जोडलेला कागद पुढे केला. मार्चचा अंक, पान तीन. वरची चौकट. माझी सही. सरळ बसलेला शिक्का.

मीच तो कायदा केला. फोटो दोन बोटं रुंद केला आणि विधेयक समितीतून उचलून थेट अमलात आणलं. चर्चा नाही, मतदान नाही. बातमी वर ठेवताना मनात होतं, शेजारी 'विचाराधीन' असं टाकायचं. तेवढ्यात पुन्हा सन्मानचिन्हाचा फोन आला.

१८ मार्च, मंगळवार

बैठक. नवे संचालक, स्वल्पविराम, विधी अधिकारी आणि मी. विधी अधिकाऱ्यांचं प्रत्येक वाक्य 'परंतु'नं सुरू होतं, पहिलंसुद्धा.

"परंतु पत्रक हे केवळ माहितीसाठी असतं," ते म्हणाले. "निरीक्षकांनी राजपत्र बघायला हवं होतं. संकेतस्थळावरची प्रत आज बदलून टाका. छापील प्रती काय, कोण ठेवतंय."

"आणि निरीक्षक?" नव्या संचालकांनी विचारलं.

"परंतु त्यांनी अधिकार नसताना कारवाई केली. चौकशी लावावी लागेल. एकतीस मेला निवृत्त होतायत, म्हणजे चौकशी संपेपर्यंत पेन्शन अडकेल. त्याला आपला इलाज नाही."

स्वल्पविराम माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमची काही चूक नाही. मांडणीत होतं असं."

मी ताटली पुढे ओढली. बिस्कीट खाल्लं. दुसरंही खाल्लं.

१९ मार्च, बुधवार

का गप्प बसले? कारणं काढून बघितली. नवे साहेब पहिल्यांदाच भेटत होते. स्वल्पविराम माझी बाजू घेत होते, त्यांना तोंडघशी कसं पाडायचं? शिवाय कुणी मला थेट विचारलं नव्हतं. तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिन्ही मिळून एकच होतं – मी घाबरले.

नवऱ्याला सांगितलं. तो टिंगल करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "लिफ्टचं टोचतं तुला आठ महिने. हे किती वर्षं टोचेल, हिशेब केलास का?"

संकेतस्थळावरची प्रत अजून बदललेली नाही. पासवर्ड माझ्याकडेच आहे. परंतुसाहेबांना सांगितलं, यंत्रणा बंद आहे. हे खोटं. पण लिफ्टच्या खोट्यापेक्षा बरं वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार

निरीक्षकांना मीच फोन केला. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभी राहून. सगळं सांगितलं. चौकट, फोटो, दोन बोटं, सन्मानचिन्ह. माफी मागितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं झालं होय. फोटोमुळे." आणि पाठोपाठ, "मोठा आलाय हो फोटो. चांगला आलाय."

तुम्ही रागावला नाहीत का, विचारलं.

"मॅडम, अकरापैकी सात टाक्यांचं पाणी प्रयोगशाळेनं नापास केलंय. एका टाकीला झाकण नव्हतं, तिच्यावर फळा टाकलेला. एकीत पारवा होता. मेलेला. किती दिवसांचा ते अहवालात नाही. माझा अंदाज, विधेयकाइतका जुना."

"मुलं तेच पाणी पीत होती?"

"मुलं शहाणी असतात, घरून बाटली आणतात. ज्यांच्याकडे बाटली नाही, ती पीत होती."

चौकशीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मीच म्हटलं, मी लेखी देते. "तुमच्या नोकरीला धक्का लागेल असं काही करू नका," म्हणाले. मग हळूच, "पण दिलंतच, तर तारीख नीट घाला. सतरा मार्चच्या आधी ती चूक मला कळायचं कारण नव्हतं, एवढं त्यात यायला पाहिजे."

केवढा व्यवस्थित माणूस. आणि त्याला आम्ही बळी देणार होतो, बिस्किटं खात.

२४ मार्च, सोमवार

लेखी दिलं. एक पान. बातमी कुठल्या चौकटीत होती, कुठे गेली, कुणी नेली. निरीक्षकांनी विचारलं असता पत्रक अधिकृत असल्याचं मीच सांगितलं, हेही घातलं. सतरा मार्चची तारीख घातली. संकेतस्थळाची यंत्रणा बंद नव्हती, मी प्रत बदलली नाही कारण बदलणं मला पटलं नाही, हेही. ते वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं.

स्वल्पविरामांनी वाचलं. पेन काढलं. मी बघत होते. त्यांनी एकही स्वल्पविराम घातला नाही. म्हणाले, "दोनदा विचार करा."

"दोनदाच केला असता तर बरं झालं असतं, साहेब. बावीसदा केलाय."

ते हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा दात दिसले. मग म्हणाले, "फोटो मोठा करायला मीही नाही म्हणालो नव्हतो. तेही लिहा हवं तर." लिहिलं नाही. पण आता त्यांना स्वल्पविराम म्हणायला जीभ जड होते. अर्थात म्हणणारच, सवय आहे.

१ एप्रिल, मंगळवार

एप्रिलचा अंक निघाला. पान एकवर, नेहमीच्या फोटोच्या जागी, दुरुस्ती: 'शालेय पाणीसाठ्याचं विधेयक अद्याप समितीत आहे. मार्चच्या अंकात ते अमलात आल्याचं छापलं गेलं, ही चूक संपादकाची. पत्रकावर विसंबून काम करणाऱ्यांची नाही.' परंतुसाहेबांना ती शेवटच्या पानावर, वाढदिवसांच्या खाली, बारीक अक्षरात हवी होती. नवे संचालक म्हणाले, राहू द्या तिथेच.

आणि आता सगळे वाचतायत. अकरा जिल्ह्यांतून फोन आले. सगळ्यांना मार्चचा अंक हवाय. एकही प्रत शिल्लक नाही. सहा वर्षं जीव तोडून बरोबर छापलं तेव्हा कुत्रंही फिरकलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

मला लेखी समज मिळाली. सेवापुस्तकात नोंद झाली. एकोणीस वर्षं ते पान कोरं होतं, मला त्याचा गर्व होता हे आज कळलं. दुपारी स्वच्छतागृहात जाऊन थोडं रडले, तोंड धुतलं, मग सहायकांच्या बढत्यांची यादी तपासली.

निरीक्षकांवरची चौकशी रद्द. कारणात लिहिलंय: 'सद्हेतूनं व अधिकृत माहितीवर विसंबून'. पेन्शन वेळेवर मिळेल. शाळांच्या टाक्यांचं सील काढलं, पण पाणी पास झाल्यावरच. अकराही टाक्यांना नवी झाकणं बसलीत, कुलपासकट. विधेयक समितीतच आहे.

नवरा म्हणाला, "म्हणजे एवढा कायदा केलास, आठवडाभर टिकला. वाईट नाही."

९ एप्रिल, बुधवार

निरीक्षक राजधानीत आले होते, निवृत्तीचे कागद द्यायला. चार मजले चढून माझ्या टेबलाशी आले. (लिफ्ट पुन्हा बंद.) बारीक, उंच माणूस, खिशात दोन पेनं. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ग्लास उजेडाला धरून बघितला, मग प्यायले.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी पुन्हा माफी मागितली. ते म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. मॅडम, मी विधिमंडळाचं रोजचं कामकाज वाचतो. तीस वर्षं वाचतोय. ते विधेयक समितीत कुठल्या कपाटात आहे तेही सांगेन."

मला क्षणभर काही कळेना. मग एकदम सगळंच कळलं. दोन प्रती. सही-शिक्का. 'तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.' सतरा मार्चची तारीख.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हटलं.

"मला त्या पारव्याचं माहीत होतं," ते म्हणाले. "कळवून गेलो की टाकी धुतलेली असायची. पारवा तेवढ्यापुरता बाहेर काढत असतील."

मी चिडायला हवं होतं. सेवापुस्तकातलं पान डोळ्यांपुढे आलं. लेखी द्यायला हवं का, हाही विचार आला, आणि तो आला याचीच लाज वाटली. लाज कशाची, ते पुन्हा कळलं नाही.

निघताना त्यांनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. निवृत्तीच्या बातमीसाठी त्यांचा फोटो, मेच्या अंकाकरता. जिन्यापर्यंत सोडायला गेले, तर उतरता उतरता वळून म्हणाले, "जरा मोठा लावा. जागा कमी पडली, तर खालच्या चौकटीत विहिरींच्या तपासणीचं विधेयक आहे. तीन जिल्ह्यांत माझे चेले आहेत. सगळे वाचतात."

१० एप्रिल, गुरुवार

फोटो चांगला आहे. आकार अजून ठरवलेला नाही.