पिंकीच्या पहिल्या इयत्तेबाबत पालकांस अवगत करावयाच्या बाबी

नागपूर, बुधवार सायंकाळ

चिरंजीव जावईबापू सौरवराव यांस,

वामनरावाचे मनःपूर्वक आशीर्वाद. आपली व चि. काजलची प्रकृती उत्तम आणि आपल्या वडिलांचा गुडघा पूर्वीपेक्षा बरा असेल, असे गृहीत धरतो. (गुडघ्याबाबत काहीही गृहीत धरू नये, हे मी स्वानुभवाने जाणतो, परंतु पत्राची सुरुवात शंकेने करणे शिष्टाचारात बसत नाही.) इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या आहेत. त्या बसवणाऱ्याने उलट्या बसवल्या होत्या, त्या मी सुलट करून घेतल्या.

गेल्या रविवारी निघताना आपण गाडीची काच खाली करून विचारलेत, की पिंकीचे पहिलीचे वर्ष कसे गेले आणि दुसरीसाठी तिला खाप्याला आपणांकडे न्यावे की नागपुरातच आमच्याजवळ राहू द्यावे, याविषयी माझे स्पष्ट मत काय. मी घसा साफ करीत असतानाच काच वर गेली. (गाडीत एसी सुरू होता, त्यामुळे मनात काही धरलेले नाही.) आपली बदली बँकेच्या खाप्याच्या शाखेत झाली त्यापूर्वीच पिंकीचा इथला प्रवेश निश्चित झाला होता, म्हणून एक वर्ष तिने आजोळी राहावे असे ठरले. ते वर्ष संपले. येत्या रविवारी निर्णय व्हायचा आहे. आता, आपण दर रविवारी येता हे खरे. परंतु त्या दिवशी बोलते ती पिंकी, आम्ही पोहे देतो. फोनवरही तीच बोलते. परिणामी वर्षभराच्या घडामोडींची केवळ एका पक्षाची बाजू आपणांपर्यंत पोहोचलेली आहे. दुसरी बाजू लेखी सादर करणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम हे जाणून असावे, की पहिलीत प्रवेश विद्यार्थ्याचा होतो, पण इयत्ता पालकाला पार पाडावी लागते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून उभी हयात लेखापरीक्षणात गेली. मोठमोठ्या गोदामांतील साठ्याची पडताळणी करताना माझ्या कपाळावर घाम आला नाही. तो पहिलीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटाने आणला. तिथे एकच सूचना सकाळी येते, दुपारी बदलते आणि सायंकाळी 'सकाळचीच ग्राह्य धरावी' अशी तिसरी सूचना येते. दरम्यान सर्व माता 'ओके मॅम' लिहितात, आणि सर्व पिता रात्री 'उद्या काय आहे?' असे विचारतात. परस्परविरोधी सूचनांचा एक तुलनात्मक तक्ता करून मी सर्वांच्या सोयीसाठी गटावर पाठवला. त्यानंतर गटावर फक्त अॅडमिननेच लिहावे, अशी व्यवस्था करण्यात आली. मी त्यास सुधारणा मानतो.

आता बैलाविषयी. पिंकीने आपणांस 'पोळ्यात बक्षीस मिळालं' इतकेच सांगितले, हे मला ठाऊक आहे. वस्तुस्थिती अशी. मुलांच्या तान्ह्या पोळ्यानिमित्त शाळेने बैलसजावट स्पर्धा ठेवली आणि लेखी सूचना काढली, की बैल विद्यार्थ्याने स्वतः, घरातील टाकाऊ वस्तूंपासून बनवावा. पालकांनी मदत करू नये. सूचना सुस्पष्ट होती. पिंकीने टोपलीतला एक म्हातारा बटाटा निवडला, त्याला आगपेटीच्या काड्यांचे पाय केले, लवंगांचे डोळे केले आणि सुतळीची शेपटी लावली. चौथा पाय टिकेना. 'आबाजी, पाय धरून ठेवा ना जी,' असे ती म्हणाली. पाय धरणे ही मदत ठरते किंवा कसे, यावर मी विचार केला आणि ती मदतच ठरते या निष्कर्षास आलो. (जयवंता, म्हणजे आपल्या सासूबाई, त्या वेळी स्वयंपाकघरातून जे म्हणाल्या ते पत्रात लिहिण्याजोगे नाही.) शेवटी पिंकीने बैल तीन पायांवर एका कुशीस कलता केला आणि तो थकला आहे असे जाहीर केले.

समारंभाच्या दिवशी पटांगणात पाऊल ठेवताच माझ्या लक्षात आले, की ती सूचना वाचलेला, समजलेला आणि पाळलेला अखिल शाळेत मी एकटाच पालक आहे. सभोवार सागवानी नंदी उभे होते. कोणाच्या पाठीवर मखमली झूल, कोणाच्या शिंगांना चांदीचा वर्ख. पिंकीचा वर्गमित्र प्रशिक याचा बैल तर चाकांवर चालत होता, त्याच्या डोळ्यांत लाल दिवे लागत होते आणि पोटातून आवाज येत होता. (प्रशिकचे वडील अंकुश यांचे बर्डीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान आहे. तो आवाज बैलाचा नसून रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या मोटारीचा होता. पण परीक्षक म्हणून आलेल्या पाहुण्यांना फरक कळला नाही.) पाहुणे पिंकीपुढे थांबले. बटाट्याला एव्हाना भलत्या जागी कोंब फुटला होता. हा कोणी बनवला, असे त्यांनी कौतुकाने विचारले. पिंकीने एकदा दिव्यांच्या बैलाकडे पाहिले, एकदा बटाट्याकडे पाहिले, मग पालकांच्या गर्दीत माझ्याकडे बोट केले.

'आबाजींनी.'

सर्व पटांगण वळले. असत्य नोंद दिसताक्षणी हरकत घ्यावी, हा माझा आयुष्याचा नियम. परंतु हरकत घ्यायची म्हणजे माइकसमोर सहा वर्षांच्या नातीस खोटारडी ठरवायचे. मी नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत कौतुकापेक्षा अनुकंपा अधिक होती, हे मला मागे उभ्या असलेल्या आपल्या सासूबाईंच्या हसण्यावरून कळले. बैलास उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. वर्गशिक्षिका मेघा मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'काका, हातात कला नसली तरी नातीसाठी बसले ना तुम्ही, तेच मोठं आहे.' घरी येताना मी पिंकीस याबाबत खुलासा मागितला. ती म्हणाली, 'तुमाले कोणी रागावत नाई ना, म्हून तुमचं नाव सांगून दिलं.' मी खुलासा दाखल करून घेतला.

पुढील काही महिने मी शाळेच्या दारात 'बटाटेवाले आबाजी' या नावाने ओळखला गेलो. अंकुश यांनी तर मोटारसायकल थांबवून, 'काका, मले सांगाचं ना गा, मी आणून दिला असता बर्डीवरून,' असे दिलासा देणारे उद्गार काढले. माणूस सज्जन आहे. पण एवढ्या सहानुभूतीची मला सवय नव्हती. म्हणून दिवाळीनंतर 'आपला परिसर' या विषयावर प्रतिकृती करून आणण्यास सांगण्यात आले, तेव्हा मी (हे आपल्या दोघांतच राहावे) सूचना बाजूस ठेवली आणि पिंकी झोपल्यावर स्वहस्ते कामास लागलो. विषय निवडला व्हेरायटी चौक. काम प्रमाणबद्ध हवे, म्हणून मी टेप घेऊन प्रत्यक्ष चौकात गेलो आणि पदपथ मोजू लागलो. वाहतूक पोलिसाने शिटी वाजवून हटकले. नात पहिलीत आहे एवढेच मी सांगितले. त्यांचा चेहरा पालटला. त्यांच्या मुलाचा शाळेसाठी केलेला ज्वालामुखी आदल्याच आठवड्यात देव्हाऱ्यासमोर फुटला होता. त्यांनी टेपचे दुसरे टोक धरले आणि दोन्ही बाजूंची वाहने थांबवून मला दुभाजकही मोजू दिला.

प्रतिकृतीत मेट्रोचा पूल होता, ऑटो होते, कपड्यांचे ठेले होते. मेहनत किती झाली ते लिहीत नाही. मॅडमचा शेरा मात्र शब्दशः देतो: 'या वेळी पिंकीने सर्व काम स्वतः केले आहे हे स्पष्ट दिसते. पूल वाकडा असला तरी प्रयत्न निरागस आहे. आबाजींनी ढवळाढवळ केली नाही याबद्दल त्यांचे अभिनंदन.' हा शेरा पिंकीने मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा मला प्रथमच ध्यानात आले की पोर जोडाक्षरांसह अस्खलित वाचू लागली आहे. (कधी शिकली? कोणी शिकवले? मी तर त्या दिवसांत पूल चिकटवत होतो.) तेव्हापासून ती रस्त्यातली प्रत्येक पाटी वाचते. शाळेतून घरी येण्यास पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. मटणाच्या दुकानाची पाटी तर ती रोज नव्याने वाचते.

किरकोळ बाबी. डब्यातली मेथीची पोळी ती खात नाही. प्रशिक खातो, आणि त्याचा चिवडा ती खाते. उभयपक्षी समाधान असल्याने मी हस्तक्षेप केलेला नाही. शिसपेन्सिली हरवत नाहीत, त्या कुठे तरी राहायला जातात, असे तिचे म्हणणे आहे. गणितात हातचा घेताना ती माझी बोटे वापरते. स्नेहसंमेलनात ती झाड झाली होती. झाडाने हलायचे नसते असे मी तिला बजावले होते, आणि नाक खाजत असूनही ती शेवटपर्यंत हलली नाही. इतर सर्व झाडे आईला हात करीत होती.

तर, माझे स्पष्ट मत. वरील वृत्तान्तावरून आपल्या लक्षात आलेच असेल, की या वयात आम्हांस दुसरी इयत्ता झेपणारी नाही. शांतता हवी. दुपारची झोप हवी. लेकराचे स्थान आईबापांजवळ, हे सर्वमान्य आहे. तेव्हा रविवारी खुशाल यावे आणि पिंकीस घेऊन जावे. आमची किंचितही हरकत नाही.

आपल्या वडिलांस नमस्कार, काजलला आशीर्वाद.

आपला हितचिंतक,
वामनराव

ता. क. : पत्र पुन्हा वाचता एक बाब राहून गेल्याचे दिसते. गेल्या आठवड्यात मी आपणांस न कळवता बसने खाप्याला येऊन तिथली शाळा (तिला अजून सुट्टी लागलेली नाही) पाहून गेलो. वर्ग हवेशीर आहेत. शिक्षिका मुलांशी खाली बसून बोलतात. पाणी स्वच्छ आहे. सर्व तपासूनही हाती लागलेला दोष इतकाच, की घंटा वेळेच्या थोडी आधी वाजते. ही बाब वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु माझ्या मते ती अत्यंत गंभीर असून, तिचे निराकरण होईपर्यंत (म्हणजे किमान चौथीपर्यंत) पिंकीस नागपुरातच ठेवावे, ही नम्र विनंती. शांतता व दुपारची झोप यांविषयी वर लिहिलेले रद्द समजावे.

ता. क. दुसरा : वरील मजकूर आपल्या सासूबाईंनी वाचला. त्या म्हणाल्या, 'घंटेचं काय घेऊन बसले जी? पोरीले तर इचारा.' हा मुद्दा माझ्या विचारात आला नव्हता.

ता. क. तिसरा : पिंकीस विचारले. तिने दप्तर कालच भरून दाराशी ठेवले आहे. तिला आईजवळ जायचे आहे, यात शंकेस जागा नाही. मी दप्तराचे बंद तपासले. तिने माझ्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, 'तुमाले करमणार नाई ना आबाजी? मंग तुमी बी चाला. आजी बी. पण शाळेत याचं नाई हं. गेटपाशीच थांबाचं.'

सबब, रविवारी येताना गाडीत मागे दोन जागा रिकाम्या ठेवाव्यात. जावयाच्या घरी मुक्काम करू नये असा आपल्याकडे रिवाज आहे खरा. पण तो लेखी स्वरूपात कुठेही आढळला नाही. आठ दिवसांसाठी येत आहोत; आठ दिवस कुठून मोजायचे, ते तिकडे आल्यावर ठरवू. पिंकीची अट मला मान्य आहे.