डब्याचा तळ दिसू नये

माय,

आपलं लकडगंजचं गोदाम बंद होतंय. 'आपलं' म्हणायची सवय तुझीच. खरं तर ते आधी मोठ्या शेठचं होतं आणि आता त्याच्या मुलाचं आहे. त्या मुलानं मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की दवाखान्यांना माल आता वर्धा रोडवरच्या मोठ्या कंपनीकडूनच जाणार, आपल्याकडे काही राहिलं नाही, तेव्हा उरलेला माल त्यांना देऊन जागा मोकळी करू. त्या कंपनीत मला नोकरी मिळाली आहे. मावशीला नाही. आणि मावशीला हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तुझ्या शेजारी बसून जिनं अर्धं आयुष्य गॉजच्या घड्या घातल्या, तिला हे कोणत्या तोंडानं सांगू, हे विचारायला मला तुझ्याशिवाय कोणी सुचलं नाही. तुझ्याकडून उत्तर यायचं नाही हे मला कळतं. तू असतीस तरी सरळ उत्तर दिलं नसतंस, आधी जेवलीस का म्हणून विचारलं असतंस.

शाळा सुटली की मी घरी न जाता गोदामात यायचे, आठवतं? स्पिरिटचा वास, कापसाची भुकटी आणि छतापर्यंत गेलेली खोकी. तू पोत्यावर बसलेली आहेस, मांडीवर गॉजचा तागा. समोर मावशी. तेव्हा ती कोणाची मावशी नव्हती, नुकती लग्न होऊन आलेली, मोठी कात्री हातात धरायला घाबरणारी पोरगी होती. तू तिला घडी कशी घालायची ते दाखवतेस आणि चुकलं की तिच्या हातावर चापट मारतेस. मग शेठ बाहेरून ओरडतो, हातमोजे कुठे आहेत. तू म्हणतेस, "असन इथंच कोठंतरी." मग तुम्ही दोघी खोकी उतरवता. हातमोजे सोडून सगळं सापडतं. प्लास्टर सापडतं, मागच्या दिवाळीचे आकाशकंदील सापडतात, एकदा तर मांजरीची पिल्लं सापडली होती. माणसं गेल्यावर त्यांचे गोडवे गातात, पण माझ्याच्यानं ते होत नाही. तुझं गोदाम म्हणजे सावळा गोंधळ होता.

घर मात्र तू लख्ख ठेवायचीस. सक्करदऱ्याच्या त्या एका खोलीत ओट्यावरच्या फळीवर डब्यांची ओळ असायची. एके दिवशी तू यायच्या आधी स्वयंपाक करून ठेवावा म्हणून मी तुरीच्या डाळीचा डबा रिकामा केला, आतून घासला आणि पालथा घातला. मला वाटलं होतं, तू शाबासकी देशील. तू दारातच थबकलीस. "काहून वं, डब्याचा तळ दाखवला? घराले असा तळ दाखवतात काय?" डाळीचं भरलेलं पोतं कोपऱ्यात उभं होतं, ते मी तुला दाखवलं. तू ऐकेनास. डबा कोरडा केलास, मला शेजारच्या काकूंकडे पाठवून मूठभर डाळ मागून आणवलीस, ती आधी तळाशी टाकलीस आणि मग त्यावर पोत्यातली डाळ ओतलीस. "मूठभर राहू द्यावं खाली. मंग त्याच्यावर भरावं. बरकत राह्यते." काकू हसल्या नाहीत. त्यांच्याकडेही तसंच होतं. त्या दिवसापासून मी आजतागायत घरातला एकही डबा तळापर्यंत रिकामा केलेला नाही, आणि असं का, हे मला कोणी विचारलेलंही नाही.

तू गेल्यावर शेठनं मला कामावर घेतलं. करत करत मी गोदामाची इन्चार्ज झाले. मग मोठे शेठ गेले, मुलगा आला. त्याला सगळं नव्यानं करायचं होतं. त्यानं मला एका हॉटेलात शिकवणीला पाठवलं. गार खोली, बिस्किटं, पडद्यावर चित्रं. जास्तीचं काही ठेवायचं नाही, शोधाशोधीत वेळ घालवायचा नाही, प्रत्येक वस्तूला एक जागा आणि त्या जागी तीच वस्तू. त्याला ते इंग्रजीत 'लीन' म्हणत होते. माय, मला ते फार आवडलं. बायकांच्या घोळक्यात एवढी वर्षं शेठचा ओरडा खाल्ल्यावर कोणीतरी पहिल्यांदा सांगत होतं, की चूक माणसाची नसते, मांडणीची असते.

मी आल्या आल्या कामाला लागले. कुजकी खोकी काढली, लोखंडी रॅक लावले, जमिनीवर पिवळे पट्टे मारले. सुया, नळ्या, हातमोजे, पट्ट्या, सगळ्या बारीकसारीक मालासाठी निळे प्लास्टिकचे डबे आणले. प्रत्येक वस्तूचे दोन डबे, एकामागे एक. माल पुढच्या डब्यातून काढायचा. तो रिकामा झाला, की मागचा पुढे ओढायचा आणि रिकामा डबा दाराजवळच्या लाल रॅकवर नेऊन ठेवायचा. लाल रॅकवर जो डबा दिसेल, त्याचा माल मी मागवणार. मोजणं नको, वही नको, ओरडणं नको. मावशीला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवलं. ती डब्यांवरून हात फिरवत म्हणाली, "तुह्या मायनं पाह्यलं असतं तं येडी झाली असती वं." दसऱ्याला तिनं एकेका डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. डबे निळे, फुलं पिवळी, इतकं देखणं गोदाम मी कुठे पाहिलं नव्हतं. मी खरंच सुखात होते, आणि ते सुख मला अजूनही खोटं म्हणवत नाही.

लाल रॅक रिकामाच राहू लागला. मला वाटलं, जुना साठाच इतका होता की पुरतोय. शेठचा मुलगा खूश, खरेदी कमी झाली म्हणून. मी दाराशी जायचे, रॅक बघायचे, बॅग उचलायचे आणि घरी. मागे वळून डब्यात डोकावायची मला गरजच वाटली नाही. डोकावावं लागू नये म्हणून तर सगळा खटाटोप होता.

मग एका सकाळी धंतोलीतल्या आपल्या सर्वांत मोठ्या दवाखान्यातून फोन आला. सलाईनच्या नळ्या आणि सुया, लगेच हव्यात. मी डबा ओढला. तळाशी दोन-चार नळ्या. मागचा ओढला, त्यातही दोन-चार. शेजारच्या मापाच्या डब्यांतही तेच. हातमोजे, पट्ट्या, कुठेही हात घालावा तर तळाला मूठभर माल आणि वर सगळी हवा. मी डब्याडब्याचा तळ खरवडला, जमेल तेवढा माल गोळा केला आणि स्कूटरवरून पाठवला. घाईत वरच्या दोन-तीन पाकिटांची तारीख पाहिली, ती ठीक होती. संध्याकाळी माल परत आला. निम्म्या पाकिटांची मुदत उलटून गेलेली होती. तिथल्या नर्सनं रोग्याला लावण्याआधी पाहिलं म्हणून निभावलं. दवाखान्यानं त्याच दिवशी आपला माल बंद केला. त्यांचं ऐकून आणखी दोघांनी केला.

मी मावशीला विचारलं, "डबा रिकामा झाला की लाल रॅकवर ठेवा म्हटलं होतं ना?"

"झालाच नाही ना वं रिकामा. मी होऊच देल्ला नाही." तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "खाली दोन-चार राहू द्यायचे आन् मागचा डबा त्याच्यावर उपडा करायचा. मांगच्यातही दोन-चार ठिवायचे. तुह्या मायनंच तं शिकवलं. ज्याची भाकर खातो त्या गोदामाले तळ कसा दाखवावा?"

मी तिथेच पिवळ्या पट्ट्यावर बसले. जुन्या खोक्यांपासून या निळ्या डब्यांपर्यंत, वर्षानुवर्षं तळाची तीच पाकिटं खाली आणि नवा माल त्यांच्यावर. तुझ्या काळात खाली गॉजच्या घड्या असायच्या, त्यांचं काही बिघडत नव्हतं. नळ्यांचं बिघडतं. आणि माझी सगळी यंत्रणा एका गोष्टीवर उभी होती, की माणूस डबा रिकामा होऊ देईल. त्या हॉटेलात शिकवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, त्याचं सोड. मला ठाऊक होतं. मी सकाळी घरी डाळीच्या तळाशी मूठ ठेवून गोदामात यायचे आणि रिकाम्या डब्याची वाट बघायचे.

शेठच्या मुलाला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "ताई, हे घरी ठीक आहे ना. इथं धंदा करून राहिलो आपण." त्याचंही काही चुकलं नव्हतं. मी डब्यांच्या आत लाल पट्टी चिकटवली. पट्टी दिसली की डबा रॅकवर, तळ दिसायची गरज नाही. जुनी पाकिटं वर आणि नवी खाली, असंही ठरवलं. मावशीनं एका दिवसात ते आत्मसात केलं आणि आजवर एकदाही चुकली नाही. लाल रॅक रोज बोलू लागला. पण हळूहळू माल मागणारं कोणी उरलं नाही. दवाखान्यांना मोठ्या कंपनीची गाडी घरपोच माल देते, मालाच्या मुदतीची तारीख फोनवर दाखवते. आमची चूक झाली नसती तर काही वर्षं मिळाली असती, एवढंच. कदाचित तीही नाही.

मला तुझा राग येतो, माय. तू जे शिकवलंस ते इतकं पक्कं शिकवलंस, की तू नसतानाही ते चालूच राहिलं. आणि रागावून झालं की आठवतं, तू शेवटी धंतोलीतल्या त्याच दवाखान्यात पडून होतीस तेव्हा वर टांगलेल्या बाटलीची नळी आपल्याच गोदामातली होती. तू ती बोटानं चाचपून मला म्हणाली होतीस, "आपलाच माल हाय." तेवढंच तुला बरं वाटलं होतं. त्या दवाखान्यात आता दुसऱ्यांचा माल असेल.

हे मी गोदामातच लिहितेय, टेबलावर कागद उघडा ठेवून. मावशीला वाचता येत नाही, म्हणून लपवायची गरज नाही. ती अंगणात निळे डबे धुऊन उन्हात पालथे घालतेय. मीच सांगितलं तसं करायला, मोठ्या कंपनीनं डबेही मागितलेत. तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. हमालांकडून तिच्या कानावर काहीतरी गेलंय, हे मला काल कळलं. म्हणजे तिला माहीत आहे, आता फक्त मी खरं बोलायचं, असं मनाशी ठरवून मी आज आले होते.

आत्ता ती पदराला हात पुसत टेबलाशी आली. कागदाकडे पाहून म्हणाली, "लय लिहून राहिली वं आज." मी म्हटलं, हिशेबाचं आहे. ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "पोरी, आपण वर्धा रोडले चाललो म्हणते हमाल. तिथं मले खिडकीपाशी बसवजो. इथं अंधारात डोळे गेले माह्ये."

मी तोंड उघडलं. त्या नव्या गोदामाला चारी बाजूंनी पत्रे आहेत, एकही खिडकी नाही. मी म्हटलं, "हो मावशी, खिडकीपाशीच."