टेस्ट पेशंट

मंगळवार, सुकापूर

घरोघरी नर्स पाठवणारी ती नवी कंपनी झपाट्याने वाढतेय. तिच्या नर्सना लागणारे सगळे टॅब मीच निवडून आणतो, मीच लावून देतो. कुठल्या क्लासला न जाता शिकलो, पण माझा टॅब कधी तक्रार घेऊन परत आला नाही. तपासताना अ‍ॅपमध्ये एक खोटा पेशंट भरायचा, मग पुसायचा. नाव-पत्ता माझाच. ‘सोबत कोण?’ पुढे ‘कोणी नाही’. या वेळी पुसायचा राहिला. माझ्या हातून!

दुपारी बेल वाजली. दारात जासई गावची एक नर्स, हातात तोच टॅब. “काका, घरात दुसरा कोन नाय ना? तसा लिवलाय यात.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी खुर्ची पुढे केली. तिने बीपी मोजलं, चहा घेतला, स्वतःच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलली. ‘कोणी नाही’ यात खोटं तरी काय होतं?

संध्याकाळी राहवेना. माझ्यामुळे कुणा खऱ्या पेशंटची भेट हुकली असेल. तिला फोन करून सगळं सांगितलं. ती खो खो हसली. “पेशंट खोटा आसंल काका, बीपी खराच वाढलाय. नीट नाव नोंदवा.”

जुनी नोंद पुसली, नवी भरतोय. पुढची भेट कधी हवी, अ‍ॅप विचारतंय. आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. ‘उद्या’ त्यात नाही.