घर बंद नसल्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
पहिला मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : नळजोडणी न तोडणेबाबत, तसेच घरात दोन माणसे राहत असल्याची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : गेल्या सोमवारी फाटकात खोचलेली आपली नोटीस.

महोदय,

१. खाली सही करणारा अर्जदार निवृत्त ग्रंथपाल असून गल्लीच्या टोकाच्या घरात थोरल्या बहिणीसह राहतो. नोटिशीत म्हटले आहे, की सलग सहा महिने पाण्याचा वापर नगण्य आढळला व दर वेळी ‘घर बंद’ असा शेरा पडला. सबब घरात कोणी राहत नाही असे समजून येत्या वीस तारखेस नळजोडणी तोडण्यात येईल. नोटिशीची भाषा स्पष्ट आहे. अर्जदाराने ती चार वेळा वाचली. तिसऱ्या वाचनाला त्यालाही ते क्षणभर पटले.

२. वापर कमी होण्यास आपल्याच विभागाचे ‘पाणी कसे वाचवाल’ हे पत्रक कारणीभूत आहे. त्यात तेवीस सूचना होत्या. बहुधा त्या सगळ्या एकदम पाळायच्या नसाव्यात, पण पत्रकात तसे कुठे लिहिलेले नव्हते. तेव्हापासून अर्जदार घमेल्यात उभा राहून आंघोळ करतो आणि ते पाणी लिंबोणीला जाते. भाज्या धुतलेले पाणी फुलझाडांना, कपडे विसळलेले पाणी संडासात. झाडांच्या बुडाशी वाळक्या पानांचा थर आहे, त्यामुळे माती चार-चार दिवस ओली राहते. छपराचे पाणी पन्हळीतून पिंपात येते. सूचना क्रमांक सतरा, गाडी पाइपने न धुणे, हीसुद्धा अर्जदार कटाक्षाने पाळतो. त्याच्याकडे गाडी नाही.

३. आता ‘घर बंद’ या शेऱ्याविषयी. मीटर पाहणारे कर्मचारी दर महिन्याला फाटकातून “कोणी आहे का?” असे विचारतात. बहिणीला कमी ऐकू येते. अर्जदाराला नीट ऐकू येते, परंतु अनोळखी माणसाशी काय बोलावे याची जुळवाजुळव करायला त्याला वेळ लागतो. तो दाराच्या आतल्या बाजूला, कडीला हात लावून उभा असतो. वाक्य तयार होईपर्यंत फाटक वाजते. यात कर्मचाऱ्यांचा काहीही दोष नाही, हे नमूद करणे अर्जदारास आवश्यक वाटते.

४. बिलावरच्या पाचव्या शेऱ्यानंतर शेजारच्या प्लंबरने कुंपणावरून सल्ला दिला : “काका, दोन तास नळ सोडून द्या की. मीटर फिरला म्हणजे तुम्ही आहात.” त्यानुसार अर्जदाराने रविवारी परसातला नळ पूर्ण सोडला व शेजारी पुस्तक घेऊन बसला. अर्धे पान होण्याआधीच त्याने नळाखाली बादली ठेवली. मग दुसरी. मग पिंप, हंडा, कुकर, आणि शेवटी फुलदाणी. फुलदाणी भरल्यावर नळ बंद करावा लागला. पुढे अकरा दिवस नळाला हात लावण्याची गरज पडली नाही. महिनाअखेरीस वापर आधीच्या महिन्याहून दोन बादल्यांनी कमीच भरला, कारण भरलेले पाणी समोर दिसले की बहीण ते अधिकच जपते. त्या वेळच्या ‘घर बंद’खाली दोन रेघा आहेत.

५. बहिणीने नोटीस वाचून एवढेच म्हटले : “तू घरात असून नसल्यासारखाच. त्यांचं तरी काय चुकलं?” अर्जदाराने यावर विचार केला. मग हा अर्ज लिहायला घेतला.

६. पुढील मजकूर कार्यालयीन कामाशी संबंधित आहे की नाही, याची अर्जदारास खात्री नाही. आवश्यक नसल्यास तो वगळून वाचावा. नळजोडणी तुटली तर बाहेरून पाणी आणणे बहिणीच्या गुडघ्यांना जमणार नाही आणि भाचा तिला आपल्या गावी घेऊन जाईल. त्याने तशी खोलीही रिकामी केली आहे. मग या घरात एकच माणूस उरेल. त्यानंतर ‘घर बंद’ असा शेरा पडल्यास अर्जदार हरकत घेणार नाही.

७. तरी विनंती, की वीस तारखेस कर्मचाऱ्यांनी हाक मारल्यावर मनात चाळीसपर्यंत आकडे मोजावेत. अर्जदार दार उघडेल. त्याने सध्या दाराशीच खुर्ची ठेवली असून “हो, आहे” हे दोन शब्द तयार केले आहेत.

८. हा अर्ज समक्ष देण्यासाठी अर्जदार दोनदा आपल्या जिन्यापर्यंत येऊन परत गेला. म्हणून तो बहिणीच्या हाती पाठवीत आहे. तिला “उद्या या” असे सांगितल्यास ते ऐकू जाणार नाही व ती आपल्यासमोर बसून राहील, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला, घरीच असलेला,
(सही)
निवृत्त ग्रंथपाल

दिनांक : १४ एप्रिल

सोबत :
(१) नोटिशीची प्रत.
(२) ‘पाणी कसे वाचवाल’ हे पत्रक, तेवीसही सूचनांपुढे खुणा केलेले.
(३) लिंबू, एक नग. आंघोळीच्या पाण्यावर वाढलेले. घरात कोणीतरी रोज आंघोळ करते, याचा पुरावा म्हणून. पाहून झाल्यावर परत करण्याची आवश्यकता नाही.