राजाला खुर्ची हवी

३ जानेवारी
ठरलं. फ्रेंच नाटक बसवायचं. वाचनालयात मराठी भाषांतर सापडलं. एक राजा लोकांचं सगळं घेतो आणि वर त्यांच्याकडूनच आभार मानून घेतो. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. समाजाला जागं करायचं काम कोणीतरी अंगावर घ्यायलाच हवं. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये सगळे समान. दिग्दर्शक मी.

९ जानेवारी
सिंहासन मिळालं. बाबांच्या सलूनमधली खुर्ची. गोल फिरते, वर-खाली होते. बाबा म्हणाले, एकच आहे गं ती. मी म्हटलं, कलेसाठी त्याग करावा लागतो. ते कंगवे आवरायला लागले. म्हणजे पटलं.

१७ जानेवारी
आईच्या नव्या चादरीचा झगा झकास झाला. ती म्हणाली, विचारायचं तरी. कापून झाल्यावर काय विचारायचं? वादळाच्या सीनसाठी दादाचा टेबलफॅन नेला. दादा म्हणाला, दारं-खिडक्या राहिल्यात, त्याही ने. आमच्या घरात विनोद भरपूर, दृष्टी कमी.

२२ जानेवारी
बाबा गिऱ्हाइकांना स्टुलावर बसवतात. मान टेकायला जागा नाही म्हणून दाढीला येणारे समोरच्या सलूनमध्ये जायला लागलेत. थोड्या दिवसांचा प्रश्न. नाटक शेवटी कष्टकऱ्यांसाठीच आहे.

२८ जानेवारी, संध्याकाळ
राजाचं काम करणारा मुलगा ग्रुप सोडून गेला. म्हणे, मी कोणाला बोलूच देत नाही. कोण बरोबर, यावर लगेच मतदान घेतलं. सगळी मतं त्याला. सभासद अजून परिपक्व नाहीत, म्हणून मतदान रद्द केलं. राजा आता मीच.

५ फेब्रुवारी
प्रयोग झाला. खुर्ची वर नेत मी म्हटलं, जे तुमचं ते माझं, आणि तुम्ही ते हौसेने दिलंत. पहिल्या रांगेतून आई दादाला म्हणाली, ही पाठांतर कशाला करत होती, घरी रोज हेच तर बोलते. हॉल खदखदून हसला. बाबा हसले नाहीत. ते खुर्चीकडे बघत होते. माझ्या झग्याच्या पिनांनी सीट फाटली होती.

६ फेब्रुवारी
खुर्ची हातगाडीवरून परत नेली. बाबा ओढत होते, मी मागून ढकलत होते. समोरच्या सलूनमध्ये बाबांकडे नेहमी दाढीला येणारे मास्तर गालाला फेस लावून बसले होते. त्यांनी ओशाळून हात केला. बाबांनीही केला.
खुर्ची जागेवर लागली. नाटक कसं वाटलं, मी विचारलं. सीटला चिकटपट्टी लावत बाबा म्हणाले, राजाचं काम छान केलंस. मग म्हणाले, बस खुर्चीत, तसंही गिऱ्हाईक कोणी नाहीये.
मी स्टुलावर बसले. मान टेकायला खरंच जागा नाही.