खिडकीचं टेबल, सोनेरी पट्टा

होलियोक, ४ सप्टेंबर

चि. नेरेइदास,
ताईचे आशीर्वाद, आणि आईचे तिच्या रागासकट.

फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन आईच्या खुर्चीशेजारी आहे आणि तिचे कान अजून तीस वर्षांच्या बाईचे आहेत. म्हणून लिहितेय. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्याच्या आत एक प्रवास झेपेल. त्यानंतर हृदयाचा भरवसा त्यांना देता येत नाही. मी आईला विचारलं, कुठे जायचं, आपल्या बेटावर, तुझ्या माहेरी? तर म्हणाली, नाही. तू नोकरी करतेस त्या करमणुकीच्या उद्यानातल्या दीपगृहाच्या जेवणघरात जायचं, आणि खिडकीच्या टेबलाशी बसून कोणीतरी वाढलेलं खायचं.

अकरा वर्षं तिने तिथे मागे बशा विसळल्या. दाराच्या गोल काचेतून ते टेबल बघत बघत. बाबा दर वाढदिवसाला म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की बसवतो. मग ते गेले, आणि ते राहूनच गेलं.

मी पाच दिवस पहाटे सहाला उठून फोन लावला. पोरगी गोड आवाजात सांगते, खिडकीची टेबलं जादा पैसे भरून मनगटात सोनेरी पट्टा घालणाऱ्यांसाठी आणि उद्यानाच्या महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठी दोन महिने आधी उघडतात. बाकीच्यांनी उरलंसुरलं घ्यायचं. अगं, फाटकातून आत आल्यावर सगळ्यांना सारखीच भूक लागते ना? मी आईच्या नावाने उद्यानाच्या मोठ्या कचेरीला तक्रार ठोकून दिली. चांगली तीन पानी. अकरा वर्षांच्या बशांचा हिशेब त्यांना समजू दे.

तू तर त्या जेवणघराच्या दारातच पाहुण्यांना बसवायला उभी असतेस. काहीतरी कर, बाई.

तुझी काळजी करण्याचा हक्क न सोडणारी,
मिग्दालियाताई


किसिमी, ११ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि. तीन पानी तक्रारीलाही वेगळा नमस्कार.

तू ओरडतेस ते खरं आहे, पण माझ्या जागी उभी राहून बघ. सोनेरीवाले म्हणतात, आम्ही दुप्पट-तिप्पट मोजतो ते काय फुकट? तेही खोटं नाही. पण काल आयोवाहून एक कुटुंब आलं होतं, तीन पोरं, दोन वर्षं पैसे साठवलेले. खिडकीजवळ दोन टेबलं रिकामी. मेणबत्त्या लावलेल्या, पाणी भरलेलं. मी हसून सांगितलं की जागा नाही. धाकटी म्हणाली, ती काय रिकामी दिसतायत. मी म्हटलं, कोणीतरी येणार आहे. कोणी आलं नाही गं. रात्री मेणबत्त्या मीच विझवल्या. रोज खोटं बोलून माझा जबडा दुखतो.

तर आता ऐक, आणि आईला कळू देऊ नकोस. आम्ही दारावरच्या बायका कधीकधी खोटं नाव टाकून टेबल अडवून ठेवतो. म्हाताऱ्या ल्युसिलने मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं: नाव नेहमी आपल्या मेलेल्या माणसाचं टाकायचं. जिवंत माणसाचं टाकलं तर कधीतरी त्याच नावाचा पाहुणा दारात येतो आणि भांडण होतं. मेलेला येत नाही.

मी सोनेरी यादीत बाबांचं नाव टाकलं. तोरिबिओ किन्योनेस, दोन माणसं, खिडकीचं नऊ नंबर, संध्याकाळी पाच चाळीस. एकाच दिवसाचं नाव वरचे लोक तपासतात, म्हणून सोमवार बारा ऑक्टोबरपासून शनिवार सतरापर्यंत सगळे दिवस टाकले. शनिवारी पाच वाजता ते खोडून आईचं लिहीन. तू आईला शनिवारीच पाठव.

तुझी लाडकी (दुसरी कोण आहे?),
नेरेइदा


होलियोक, १९ सप्टेंबर

चि. नेरेइदास,
आशीर्वाद, आणि कान पिळल्याचं समज.

टाकून टाकून बाबांचं नाव टाकलंस! ज्या माणसाने जन्मात रांग लावली नाही त्याचं. आठवतं ना, बेकरीत वीस माणसं उभी असली तरी हा गृहस्थ कोणाच्या तरी आजीची चौकशी करत थेट गल्ल्यापाशी. आई शरमेने मुद्दाम रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची. त्यांचा पाव खाऊन संपायचा तेव्हा हिचा नंबर यायचा. गेलेसुद्धा सगळ्यांच्या आधी. आता सोनेरी यादीत बसून हसत असतील.

उद्यानाची तिकिटं काढली. साधीच परवडली. मला शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटी नाही, तुझे नेल्सनभाऊजी आईला आगगाडीने घेऊन येतील. नेल्सनला तुझी लबाडी सांगितलेली नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आईने पांढऱ्या बटणांचा निळा झगा काढलाय आणि दर दोन दिवसांनी इस्त्री करतेय. मी म्हटलं, कापड झिजेल. तर म्हणाली, मग काय, मीही झिजलेच आहे.

कचेरीचं एक कार्ड आलं: तक्रार विचाराधीन आहे. चुलीत घाला.

लवकर उत्तर दे, नाहीतर मी पुन्हा तीन पानं लिहीन.
मिग्दालियाताई


किसिमी, १४ ऑक्टोबर, बुधवार (तातडीच्या टपालाने)

ति. ताईस,
सा. न. वि. वि. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

सोमवारी पाच चाळीसला मी पाणी प्यायला मागे गेले होते. परत आले तर दारातल्या टेबलांच्या फलकावर नऊ नंबर हिरवं. हिरवं म्हणजे पाहुणा येऊन बसला. मला वाटलं, कोणीतरी चुकून दाबलं. वाढपी वेन्डेल म्हणाला, नाही, एक म्हातारे गृहस्थ आले होते. वाळूच्या रंगाचा चार खिशांचा सदरा, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. फक्त कॉफी मागितली आणि चीजचा तुकडा. तो तुकडा कॉफीत टाकला.

ताई, मी वेन्डेलला बाबांबद्दल कधी काही बोललेले नाही. त्याला मी किन्योनेसची मुलगी आहे हेसुद्धा माहीत नाही, इथे मी नवऱ्याचं आडनाव लावते.

काल मी दारातून हललेच नाही. समोरून एकही म्हातारा गेला नाही, हे मी शपथेवर सांगते. पाच चाळीस झाले आणि फलक माझ्या डोळ्यांदेखत हिरवा झाला. मी धावत टेबलाशी गेले. खुर्ची मागे सरकवलेली. कप कोमट. तळाशी चीज वितळून बसलेलं, चमच्याने खरवडलेलं, जसं ते खरवडायचे. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, आजोबा गेले का? फार गोड बोलतात, माझ्या आजीची चौकशी करत होते.

मी लगेच नाव खोडायला गेले. कॉम्प्युटर खोडू देत नाही. सोनेरी पाहुणा एकदा येऊन बसला की त्याचं नाव त्याच्याशिवाय कोणाला काढता येत नाही, असा नियम आहे. मोठ्या लोकांचं टेबल आम्ही दुसऱ्याला देऊ नये म्हणून केलेला.

आज वेन्डेलकडे निरोप होता. म्हणे, घाई नाही, बायको शनिवारी येतेय. ती रांगेतून येते, तिला नेहमी उशीर होतो.

मला भीती वाटते, ताई. बाबांची भीती वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुझी,
नेरेइदा


होलियोक, १६ ऑक्टोबर (तातडीच्या टपालाने)

चि. नेरेइदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा आई आणि नेल्सन गाडीत बसलेले होते. काल तुला दोनदा फोन केला तर तू नुसती रडलीस, म्हणून लिहून देतेय. वाचून वाग.

तिला त्या टेबलाशी बसू देऊ नकोस. मी काय काय बोलले ते मला आठवतंय, खिडकी पाहिजे, तिचा हक्क आहे, अन्याय आहे. गिळते मी सगळं. तिला बाजूचं टेबल दे, दाराचं दे, विसळणीच्या तोंडाशी बसव, नाहीतर बाहेरच्या गाडीवरचं सॉसेज खायला घाल. त्यांना वाट बघू दे. सव्वीस वर्षं बघितली, आणखी बघतील. मला आई अजून पाहिजे आहे. एवढंच मला कळतं.

बाबा दिसलेच तर त्यांना सांग, मिग्दालियाने नमस्कार सांगितलाय, आणि कृपा करून जा म्हणून सांगितलंय.

तुझ्यावरच भार टाकून बसलेली,
ताई


किसिमी, १८ ऑक्टोबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि. आई परत गाडीत बसली. धडधाकट आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

शनिवारी पाच वाजता ती आली, निळ्या झग्यात, भाऊजींच्या दंडाला धरून. मी खोटं सांगितलं, खिडकीची सगळी टेबलं भरली. मला वाटलं, हिरमुसेल. तर म्हणाली, बरं झालं, माझं नाव साध्या यादीत लिही आणि मुलगी म्हणून मला पुढे ढकलू नकोस, तुझ्या बापाने तेवढं पुरे केलंय. आणि बाकावर बसली. पन्नास मिनिटं बसली, ताई. तिच्या पुढची सोळा नावं मी एकेक पुकारली.

पाच चाळीसला फलक हिरवा झाला. मी मान वर केली नाही.

तिला एकतीस नंबर मिळालं, विसळणीच्या दाराशी. मी तिला तिथेच बसवलं. तिने मासा खाल्ला, बशीच्या कडेवरून अंगठा फिरवून बघितलं नीट घासली आहे का, आणि हल्लीच्या पोरी कड सोडतात असं भाऊजींना ऐकवलं. गोड खाताना तिने मला जवळ बोलावलं. खिडकीशी कोण बसलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, सोनेरी पाहुणा. तिने मान वळवून तिकडे बघितलं. मग म्हणाली, घड्याळ अजून उलटंच घालतो.

भाऊजी म्हणाले, कुठे, ती खुर्ची तर रिकामी आहे.

मला वाटलं आता उठून जाईल तिकडे. मी तिची खुर्ची पाठून घट्ट धरली होती, माझी बोटं अजून दुखतायत. पण तिने गोड संपवलं, ओठ पुसले आणि मला म्हणाली, त्याला सांग, मी साध्या तिकिटावर आले आहे. माझा नंबर लागेल तेव्हा येईन.

मी खिडकीशी जाऊन रिकाम्या खुर्चीला ते सांगितलं. वेन्डेलला वाटलं असेल, हिला वेड लागलं. कॉफीचा कप अजून गरम होता.

आज सकाळी बघितलं तर बाबांचं नाव यादीतून गेलेलं. त्यांनीच काढलं असणार, दुसऱ्या कोणाला काढता येत नाही. ताई, सोनेरी-साध्याच्या ज्या नियमाला मी रोज शिव्या देते त्यानेच आईला वाचवलं. ते सोनेरी, ही साधी. एका टेबलाशी बसवताच येत नाहीत.

आईची एक पापी माझ्यातर्फे घे.
नेरेइदा


होलियोक, ९ नोव्हेंबर

चि. नेरेइदास,
आशीर्वाद. आज दुसरं काही सुचत नाही.

तीन आठवडे आई छान होती. जिने चढायची, शेजारणीला तुझ्या बशांच्या कडांबद्दल सांगायची. मी मेणबत्ती लावून देवाचे आभार मानले, आणि त्या नियमाचेसुद्धा.

आज कचेरीचं जाड पाकीट आलं, आईच्या नावावर. माझ्या तीन पानांचं उत्तर. लिहितात, तुमची तक्रार आम्हाला पूर्णपणे न्याय्य वाटली. अकरा वर्षांच्या सेवेनंतर तुम्हाला साध्या रांगेत बसावं लागलं याचा खेद आहे. म्हणून तुम्हाला आजन्म सोनेरी पाहुणी करून घेत आहोत. आत पट्टा आहे, तिच्या मनगटाच्या मापाचा. खाली छापलंय: शनिवार एकवीस नोव्हेंबर, पाच चाळीस, खिडकीचं टेबल नंबर नऊ, दोन माणसं. दुसऱ्या पाहुण्यांनी येत असल्याचं कळवलेलं आहे.

दुसऱ्या पाहुण्यांचं नावही आहे. तू ओळखलंस.

मी कचेरीला फोन लावला. हात जोडून म्हटलं, तक्रार मागे घेते, चूक माझी, हे रद्द करा. पोरगी गोड आवाजात म्हणाली, बाई, सोनेरी नाव फक्त पाहुण्यालाच काढता येतं. मग मी आईच्या पायाशी बसले. रडले, भांडले, चाळीस वर्षांत बोलले नाही ते बोलले. म्हटलं, तू नाही म्हण, एक फोन कर, मी लावून देते.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. पट्टा केव्हाच मनगटात घातला होता. म्हणाली, "मी कोणाच्या पुढे घुसले नाही, मिग्दालिया. आता माझाच नंबर लागलाय."

आत्ता ती झग्याला इस्त्री करतेय, मला वास येतोय. मीही येतेय तिच्याबरोबर, सुटी देवोत न देवोत. पण मी बाहेर बाकावर बसेन, माझं तिकीट साधं आहे. दारात तू असशील ना? यादीत तिचं नाव नीट वाच, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस. तूच तिचा हात धरून तिला टेबलापर्यंत ने.

तुझी,
ताई